रेहेमाची ढेप

माधव : ते पत्र मला दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझ्यावर किती विसंबायचं, ते तुम्हाला ठरवता येईल.

गोरक्ष : सर, मी पत्राचं कुटं इचारलं? मी टांझानियाचं इचारलं.

माधव : तेच सांगतोय. पत्र टांझानियाहूनच आलं होतं.

इंदू : आधी चहा घ्या, गोरक्षभाऊ. ह्यांचं ‘आधीच सांगतो’ संपेपर्यंत त्यावर साय धरेल.

गोरक्ष : काकू, तुमीच न्हाई का गेल्या रविवारी माझ्या गुळाच्या स्टॉलवर म्हनला, आमच्या घरात चार वह्या भरून टांझानिया हाय म्हनून? तवाच ठरवलं. आज पहिल्या गाडीनं निघालो. दुपारी चारला श्रीगोंद्यात बैठक हाय. आठ घरं सह्या करनार हायेत, त्यात एक माझं.

माधव : कसल्या सह्या?

गोरक्ष : जमिनीच्या. शंभर एकर घ्यायची, तिकडं. माझा मेव्हना हाय ना, सुनील, त्यानं पुन्याहून एक एजंट आनला. आमी आठजन सगळे गुऱ्हाळवाले. प्रत्येकानं हितली दोन-दोन एकर काढायची आनि तिकडं ऊस लावायचा.

इंदू : अगंबाई! इथली जमीन विकून?

गोरक्ष : काय करावं मग? हितं कारखाने एकमेकाच्या हद्दीतनं ऊस पळवून न्हेत्यात. गुऱ्हाळाला ऊस घावतोय कुटं? औंदा माझं चुलान दोन महिने पेटलं. बाकीचे धा महिने त्यात मांजर व्यालं. हे बघा, एजंटाचं कागद.

इंदू : बघू. हा ऊस. हा ट्रॅक्टर. आणि उसात हा जिराफ कशाला उभा केलाय?

गोरक्ष : आफ्रिका हाय म्हनून कळाया नको का!

माधव : मला दाखवा. हे शेवटचं पान काय आहे?

गोरक्ष : तो तिकडचा सातबारा म्हनला एजंट. शिक्का हाय बघा गोल. सही केली की नाव चढतंय म्हनला, आठ दिसात.

माधव : हं.

गोरक्ष : ‘हं’ म्हंजी?

माधव : म्हणजे... बहुधा... माझ्या वाचनात जे आलं आहे त्यावरून, अर्थात मी काही त्यातला जाणकार नव्हे...

इंदू : सुरू झालं.

माधव : तिकडच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नसावी, असं दिसतं.

गोरक्ष : घेता येत न्हाई का येत नसावी?

माधव : येत नसावी.

गोरक्ष : सर, मी आठ घरांम्होरं जाऊन ‘नसावी’ सांगू? सुनील म्हनंल, दाजी, पाऊस पडत नसावा म्हनून पेरायचं ऱ्हातंय का?

माधव : त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी कोण सांगणारा? आयुष्यभर वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. तो देश मी नकाशाबाहेर पाहिलेला नाही.

इंदू : पाहिला नाही म्हणे. गोरक्षभाऊ, ह्यांना तिथली रेल्वे कुठल्या स्टेशनवर किती वेळ थांबते तेही ठाऊक आहे. मोबाईलवर मध्ये मध्ये तो कायदा पुन्हा वाचतात. अहो, गेल्या आठवड्यातच वाचलात ना? बदललाय तो?

माधव : नाही. बदललेला नाही.

इंदू : मग काय लिहिलंय तेवढंच सांगा. तुमचं मत विचारत नाहीये कुणी.

माधव : जमीन तिथं सरकारची असते. तिथल्या माणसाला वापराचा हक्क मिळतो. परदेशी माणसाला उद्योगासाठी हवी असेल, तर सरकारच्या गुंतवणूक खात्यामार्फत ठराविक मुदतीसाठी मिळते. खाजगी माणसाकडून खरेदी करून तिच्यावर नाव चढवता येत नाही.

गोरक्ष : मंजी हा सातबारा?

माधव : असला कागद तिथं... बहु...

इंदू : अहो.

माधव : असला कागद तिथं नसतो.

गोरक्ष : असं बोला की! यवढं बोलाया सर, मला पन्नास मैलावरनं यावं लागलं व्हय.

माधव : रागावू नका. माझ्या शब्दावर आठ घरं थांबणार म्हटल्यावर भीती वाटते. आणि मी चुकलो तर? तुम्ही थांबायचं, आणि दुसऱ्या कुणाचं तिकडं चांगभलं व्हायचं.

गोरक्ष : आनि तुमी गप बसला, आनि आमी बुडालो तर? बरं, तिकडं वळकीचं कोन हाय का? फोन लावून इचारलं असतं.

माधव : एकच व्यक्ती होती. रेहेमा. तेच पत्र.

इंदू : कृषी विद्यापीठात शिकायला होती हो ती, वीस-बावीस वर्षांपूर्वी. दर रविवारी एस.टी.नं नगरला यायची, वाचनालयात बसायची. उंच, हसरी पोरगी. हे घरी घेऊन यायचे जेवायला. मी तिला तूप-गूळ-पोळी द्यायचे, तर पोळी एक आणि गूळ दोन वेळा मागून घ्यायची.

गोरक्ष : मग लावा की तिला फोन.

माधव : पत्रावर नंबर होता. मागच्या वर्षी धीर करून लावला. बंद आहे. आता फक्त पत्ता आहे, पोस्टाच्या पेटीचा.

इंदू : मी तेहतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले, गोरक्षभाऊ. अख्ख्या नगरची पत्रं वजन करून, शिक्का मारून रवाना केली. आणि माझ्याच घरातून एक पत्र सहा वर्षांत बाहेर पडलं नाही.

माधव : उत्तर अपुरं होतं, इंदू. अपुरं कसं पाठवायचं?

गोरक्ष : काय इचारलं हुतं बाईनं यवढं?

माधव : गुळाच्या धंद्याबद्दल. फार मोठा विषय आहे. म्हणून तर वह्या झाल्या. पहिली वही नुसती पाऊस आणि जमिनीची. दुसरी बंदर, रस्ते, रेल्वे. तिसरी कर आणि कायदे. चौथीत साखरेचा खप, आणि गूळ तिथं कोण विकत घेतं त्याची माहिती.

गोरक्ष : कोन घेतंय?

माधव : गरीब घरं चहाला घेतात. दुकानदार घेतात. आणि काही जण, म्हणजे... दारू गाळायला.

गोरक्ष : हितं तरी काय येगळं हाय! गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. गुळाला काय म्हनत्यात तिकडं?

माधव : सुकारी गुरू.

गोरक्ष : लई भारी. सुनीलला सांगतो, आता तरी गुरूचं ऐक. वाचा बरं ते पत्र.

माधव : इंग्रजीत आहे. आणि तुम्हाला बाराच्या गाडीनं परतायचं असेल...

गोरक्ष : वाचा हो. मराठीत सांगत सांगत वाचा.

इंदू : हे घ्या, तिसऱ्या वहीत होतं.

माधव : “प्रिय काका, तुम्ही आणि काकू बरे असाल. मी आता गावी परत आले आहे. आमच्या खोऱ्यात साखर कारखाना आहे. तो आमचा ऊस घेतो, पण सगळा घेत नाही. जो परत येतो तो आम्ही चौतीस कुटुंबं मिळून गाळतो आणि सुकारी गुरू करतो. पण काकू देत होत्या तशी घट्ट ढेप आमची होत नाही. थर्मामीटर एकशे अठरा दाखवतो. आम्ही लगेच कढई उतरवतो. तरी दुसऱ्या दिवशी ढेप ओली होते आणि चौथ्या दिवशी पसरते. बाजारात कोणी हात लावत नाही. आमचं काय चुकतं? तुम्ही म्हणाला होता, काहीही अडलं तर लिही, कुठल्या ना कुठल्या पुस्तकात असतंच.” एवढंच आहे. मग नमस्कार वगैरे.

गोरक्ष : परत येतो म्हंजी?

माधव : काय?

गोरक्ष : ऊस परत येतो म्हनली. कुटनं परत येतो? किती दिसाचा असतो तो?

माधव : पुढच्या ओळीत आहे ते. मी गाळलं. “कारखान्याच्या फाटकावर चार-पाच दिवस थांबून परत आलेला ऊस.”

गोरक्ष : मग झालं की.

माधव : काय झालं?

गोरक्ष : शिळा ऊस हाय, सर. चार दिसाच्या उसाची ढेप कुनाचा बाप बांधील? एकशे अठरा न्हाई तर एकशे वीस करा. वरनं दिसंल कडक, आतनं पाझरत ऱ्हानार. त्यांचं थर्मामीटर बराबर हाय, हात बी बराबर हाय. ऊसच चुकीचा हाय.

माधव : म्हणजे...

गोरक्ष : म्हंजी दोन रस्ते. एक, कारखान्याकडं धाडायचंच न्हाई. आपल्यापुरता ऊस सकाळी तोडायचा, त्याच दिशी गाळायचा. दुसरा, शिळा झालाच तर त्याची ढेप करायचा नादच सोडायचा. एकशे अठराच्या बरंच अलीकडं उतरवायचं आनि काकवी भरून इकायची. काकवी पातळच असती, तिला बांधायचं न्हाई काय न्हाई. माझा आजा हेच करायचा.

इंदू : एवढंच?

गोरक्ष : यवढंच. हे तर आमच्या चुलानापशी चिपाडं घालनारी बाई बी सांगंल.

माधव : एकशे अठरा अंश तीन पुस्तकांत पाहिलं होतं मी. तिघांचंही जुळत होतं. म्हणून वाटलं, प्रश्न दिसतो तेवढा साधा नसणार. ह्याच्यामागं काहीतरी मोठं असणार. हवा, पाणी, बाजार... तिला पुन्हा विचारावं लागू नये, म्हणून सगळंच एकदम द्यावं असं ठरवलं.

इंदू : आणि ह्या सहा वर्षांत दर महिन्याला आपल्या घरात गूळ येत होता. कुणाकडून? गोरक्षभाऊंकडून. पिशवी दारात घेत होतात तुम्ही स्वतः.

माधव : मला सुचलंच नाही, इंदू. गूळ करणाऱ्या माणसाला विचारावं, हे सुचलंच नाही.

गोरक्ष : सर, तोंड पाडू नका.

माधव : चौतीस कुटुंबं आहेत ती. सहा वर्षं त्यांची ढेप पसरत असेल. एक कार्ड पुरलं असतं.

गोरक्ष : आसं काय नसतं. चौतीस घरं काय तुमच्या पत्रावर बसून ऱ्हायली नसतील. एखाद्या म्हातारीनं म्हनलं असंल, अरे हा ऊस शिळा हाय. किंवा धंदा सोडला बी असंल. तुमाला ठाऊक न्हाई. मला बी न्हाई. म्हनून इचारायचं.

माधव : आता? कोणत्या तोंडानं?

इंदू : ह्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार?

गोरक्ष : थांबा जरा, काकू. माझ्या डोक्यात काय आलंय बघा. तिकडं ऊस हाय, पडून चाललाय. चौतीस घरं हायेत, पन हात बसला न्हाई. हितं आमी आठजन. आमचा हात तीन पिढ्यांचा, आनि ऊस न्हाई. मग जमीन कशाला पायजे आमाला?

माधव : गोरक्षराव...

गोरक्ष : न्हाई, तुमीच सांगा. तुमच्या वह्यात काय निघतंय?

माधव : चौथ्या वहीच्या शेवटी मी तेच लिहिलंय खरं तर. मोठ्यानं कधी वाचलं नाही. जमिनीपेक्षा तिथं ऊस पिकवणाऱ्यांबरोबर मिळून लहान गुऱ्हाळ घालणं, ऊस गाळायचा चरक इकडून नेणं, माल तिथल्याच बाजारात विकणं. परवाना लागतो, पण परदेशी माणसाला मनाई नाही. त्याच्यापुढं मी ‘परंतु’ असं लिहिलं, आणि पुढची बारा पानं परंतु आहेत.

गोरक्ष : ती बारा पानं बी लागतील. पन नंतर.

माधव : आणि एक. तुम्ही त्यांना हवे आहात का, हे आधी विचारावं लागेल. त्यांनी एक शंका विचारली होती, भागीदार मागितला नव्हता. आपण जिराफवाल्यासारखं व्हायचं नाही.

गोरक्ष : ह्ये पटलं. तसंच लिवा. आनि मला एक कागद द्या. जमिनीचं जे बोलला ते चार ओळीत. खाली सही.

माधव : सही?

इंदू : हे घ्या पेन.

माधव : सुनीलराव म्हणतील, हा कोण? कुणी एक रिटायर ग्रंथपाल.

गोरक्ष : म्हननारच. म्हनंल, पेपर वाचनाऱ्या म्हाताऱ्याचं ऐकून चाललाय दाजी. कागद बघून त्याचं समाधान न्हाई व्हायचं. तो प्रश्न इचारनार, आनि मला उत्तर येनार न्हाई. सर, तुमीच चला की.

माधव : मी? बैठकीत? नाही हो. मी चाळीस वर्षं ‘शांतता राखा’ अशी पाटी डोक्यावर घेऊन बसलोय. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

गोरक्ष : घाम तर आमाला बी फुटतोय. सोळा एकर जमीन जानार हाय, सर. माझ्या आईनं, बनुबाईनं, त्या दोन एकरावर डोक्यानं पानी घालून लिंबं जगवली. तिला आजून सांगितलं न्हाई मी.

माधव : तिला सांगितलं नाही?

गोरक्ष : कसं सांगू? उद्या सांगू, परवा सांगू, सगळं नक्की झालं की सांगू, आसंच चाललंय.

इंदू : अहो, कुठं निघालात?

माधव : सदरा बदलतो. इंदू, तिसरी वही पिशवीत घाल. कायद्याची. आणि चष्म्याचं दुसरं घर.

इंदू : औषधाची डबी पण घालते. संध्याकाळची गोळी बैठकीतच घ्यावी लागेल.

माधव : आणि गोरक्षराव, वाटेत एकदा मला थांबवून प्रश्न विचारा. तुमचा मेव्हणा विचारेल तसे. उर्मटपणे विचारा.

गोरक्ष : उर्मटपना मला शिकवाया नको. ए म्हाताऱ्या, तू गेलाय का कधी तिकडं?

माधव : गेलो नाही. कायदा छापलेला आहे, तो मी वाचलाय. तुम्हीही वाचा. हे पान.

इंदू : बाई गं. एवढ्या बोलण्यात ‘बहुधा’ आलाच नाही.

(दोन दिवसांनी, सकाळी. नगरमध्ये पोस्टाच्या आवारात.)

इंदू : पत्र त्याच दिवशी टाका म्हटलं, तर म्हणे बैठकीचं काय होतं ते कळू दे. बरं झालं म्हणा, भाऊ, तुम्ही आलात. मला ह्यांच्याकडून काहीच नीट कळलं नाही. ‘झाली बैठक’ एवढंच.

गोरक्ष : सांगतो ना. सर हुबे ऱ्हायले. आवाज असा कापत हुता, की मला वाटलं आता गेलं सगळं. सुनीलनं मधीच हटकलं. तर सरांनी वही त्याच्या म्होरं धरली, म्हनले, वाचा, मी थांबतो. आनि खरंच थांबले. त्यो वाचतोय, वाचतोय.

इंदू : मग?

गोरक्ष : एजंटाला तिथनंच फोन लावला. सरकारी खात्याचं कागद दाखव म्हनलं. तो म्हनला, ते सही झाल्यावर येत्यात. सहाजन थांबले. मी धरून.

इंदू : आणि दोघं?

गोरक्ष : आमच्यातल्या भिमाजीनं सही केली. सुनीलनं बी.

माधव : मला आणखी नीट सांगता आलं असतं. सुनीलराव वाचत होते तेव्हा त्यांची नजर दोनदा त्याच ओळीवर गेली. तिथं मी बोलायला हवं होतं.

गोरक्ष : तो माझा मेव्हना हाय, सर. त्याच्या डोक्यात जिराफ बसलाय. एजंटाचे पैशे पुढच्या महिन्यात द्यायचेत. तवर मी रोज त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसनार हाय. तुमी तुमचं केलं.

इंदू : आईंना सांगितलंत?

गोरक्ष : त्याच रातीला. काल दिसभर बोलली न्हाई माझ्याशी. आज सकाळी म्हनली, लिंबं तोडाया कोन येनार हाय का मीच जाऊ? म्हंजी मिटलं.

इंदू : बरं, आता हे पत्र. मला वाचून दाखवलंत ते नऊ वेळा, पण पाकीट बंद करायच्या आधी शेवटचं काय ठेवलंत?

माधव : माफीची दोन पानं काढली. एकच ओळ ठेवली : उशीर माझा आहे, त्याला कारण नाही. मग शिळ्या उसाचं, गोरक्षरावांनी सांगितलं तसंच. काकवीचं. त्यांचं नाव आणि त्यांचा नंबर. मग विचारलंय, की तुमचं गुऱ्हाळ चालू आहे का. चालू असेल आणि तुम्हा सगळ्यांना चालणार असेल, तर इथून दोन माणसं एक महिन्यासाठी येतील, त्यांच्या खर्चानं. आधी हात दाखवतील. धंद्याचं त्यानंतर, तुम्ही म्हणाल तर.

गोरक्ष : दुसरा मानूस कोन, ते लिवलं का?

माधव : नाही. ते अजून ठरलं नाही ना?

गोरक्ष : इंग्रजी कोन बोलनार तिकडं माझ्यासाठी? पासपोर्टाचा अर्ज आनलाय मी दोन. बघा भरून.

माधव : अहो, माझं वय...

इंदू : ते नंतर घाबरा. आधी हे. द्या इकडं, हातानं वजन सांगते. एका पानाचंच आहे, वीस ग्रॅमच्या आत. तिकीट मी बरोबर लावलंय. टाका.

गोरक्ष : टाका, सर.

माधव : गेलं.

गोरक्ष : किती दिस लागतील, काकू?

इंदू : जायला पंधरा-वीस दिवस धरा. यायला तेवढेच. पेटी अजून तिच्याच नावावर असली तर.

गोरक्ष : आनि उत्तर न्हाईच आलं तर?

माधव : तर त्यात तिची काही चूक नाही. पुढच्या महिन्यात मी दुसरं लिहीन.